शिट्टीकडचा खिसा

खाकीवर पाण्याचा डाग पडला तर वाळला की गेला. दुधाचा तसा जात नाही. वाळल्यावर त्याच्या कडेनं पांढुरकी रेघ राहते, आणि ती रेघ ट्रकवाल्यालेही दिसते, साहेबालेही दिसते. माझा सारा जन्म खाकी शिवण्यात गेला, पण ही गोष्ट मले म्हातारपणी समजली. समजली म्हणतो, तेही अर्धीच. बाकीची अर्धी अजून डोक्यात शिरली नाही, म्हणून लिहायले बसलो. लिहिता लिहिता काही उलगडा झाला तर पाहू.

मी सिंदेवाहीचा टेलर. शाळा चौथीपर्यंत, तीही गुरुजी शेजारी राहत होते म्हणून. दिवाळी अंकवाले म्हणाले, "तुम्ही लिहा, भाषा आम्ही सुधरवून घेऊ." मी म्हणालो, मी शिवलेला शर्ट तुम्ही घरी नेऊन उसवता का? नाही ना. मग हेही उसवायचं नाही. अंगात आहे तसं घालायचं.

बाहेरच्या माणसाले वर्दीचं काम सोपं वाटते. कापड ठरलेलं, खिसा किती रुंद ते ठरलेलं, खिशावरचं झाकण ठरलेलं. त्यात टेलरची अक्कल चालत नाही, फक्त हात चालते. साध्या शर्टात चूक झाली तर फॅशन म्हणून खपते. वर्दीत चूक झाली की माणसं रांगेत उभी राहिल्याबरोबर तोच एक शर्ट डोळ्यात खुपते. माझा शर्ट कधी खुपला नाही. जंगलगार्ड, पोलीस, एसटीतले लोक, सारे माझ्याच दुकानात. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. आणि बढाई असली तरी खरी आहे.

दुकानाच्या मधात एक पडदा आहे. अलीकडं मी, पलीकडं माझी बायको कमल. बायांचं सारं काम पलीकडं. त्यात बाळंतिणीचे कपडे म्हणजे तर खास तिचंच खातं, मी तिकडं मान वळवत नव्हतो. पण पडदा म्हणजे भिंत नव्हे, कानावर सारं पडे. त्यातून मले इतकं कळलं होतं की बाळंतिणीचे कपडे शिवणं म्हणजे ज्या गिऱ्हाइकाले कधी पाहिलंच नाही त्याचे कपडे शिवणं. आमच्याकडं लेकरू व्हायच्या आधी काही शिवत नाहीत, चांगलं मानत नाहीत. लेकरू झालं की मग धावत येतात आणि संध्याकाळपर्यंत पाहिजे म्हणतात. बाळंतीण घरी बाजेवर. माप सांगायले दुसरेच. जुना ब्लाउज आणतात, पण तो आता तिले होत नाही, म्हणून तर नवा पाहिजे. मग सासू दोन्ही हात पसरून दाखवते, "इतकी झाली." नवरा आला तर तो हातही पसरत नाही, नुसता लाजते.

एकदा एकाच पोरीसाठी सकाळी सासू आली, म्हणाली, "घट्ट शिवजो बाई, नाई तं आंग सुटते." दुपारी त्याच पोरीची आई आली, म्हणाली, "ढिला शिवजो वं, दूध दाटून पोरीले ताप येते." मी पडद्याअलीकडून विचारलं, आता काय करशील? कमल म्हणाली, "ढिला शिवते अन् नाडी घालते. जे ओढन ते ओढन." अशा नाड्यांवर तिचं सारं खातं चाललं.

मग मॅक्सीचा जमाना आला. भद्रावतीच्या कॉलनीतला एक जावई समोर चेन असलेली रेडिमेड मॅक्सी घेऊन आला, मोठ्या कौतुकानं. चार दिवसांनी तोच परत आला, तोंड उतरलेलं. चेन लेकराच्या गालाले चावली होती. कमलनं चेनीच्या मागून मऊ कापडाची पट्टी लावून दिली आणि त्याले म्हणाली, "जावईबापू, चेन तुमच्या पँटले ठीक हाये." तो पडदा पाहून लाजला की चेन पाहून, मले माहीत नाही.

आता मूळ गोष्टीवर येतो.

वर्षा म्हणून एक गार्डीनबाई आहे. जंगलगार्ड बाईले आमच्याकडं गार्डीन म्हणतात. गावाबाहेर जंगलरस्त्यावर नाका आहे, तिथं तिची ड्यूटी. नोकरी लागली तेव्हा पहिली वर्दी माझ्याच दुकानात शिवली. कमल माप घेत होती, मी अलीकडं लिहीत होतो, आणि पोरगी फोटो काढताना उभे राहतात तशी श्वास रोखून उभी होती. कमल म्हणाली, "श्वास सोड वं, नाई तं घट्ट वर्दीत कोंबडी होशील."

पुढं लग्न झालं, लेकरू झालं, सुटी संपली आणि ती पुन्हा दुकानात आली. पडद्यापलीकडून आवाज आला, "कमलबाई, भाऊले सांगा, शर्ट छातीत होत नाई."

"ऐकलं मी," मी म्हणालो.

"त्याइले सांगा, आतमधी कापड सोडलं असन तं ढिला करून द्या."

"सोडलं हाये. मी सोडतच असतो."

"आनखी त्याइले सांगा..." आणि ती थांबली. पलीकडं कुजबुज झाली. मग कमलच बोलली, "तिले वर्दी आंगात असूनच पोट्ट्याले पाजता आलं पाह्यजे."

मी कैची खाली ठेवली. "वर्दीत? बटणं खोलून पाज म्हणा."

"भाऊ," आता पोरगी सरळ माझ्याशीच बोलली, पडद्यातून, "बटनं खोलाची तं आधी पट्टा खोला, शर्ट वर वढा, शिट्टीची दोरी काढा. तेवढ्यात नाक्यावर ट्रक येऊन उभा राह्यते. मी फाटक उघडू का पोट्ट्याले पाजू?"

हळूहळू सारं बाहेर आलं. लेकरू अशक्त होतं. पावडरचं दूध दिलं की त्याचं पोट बिघडे. दवाखान्यातल्या नर्सबाईनं सांगितलं होतं, अंगावरचं तोडू नका. नवरा वरोऱ्याकडं ट्रकवर, कधी घरी कधी नाही. म्हणून सासू, सोनाबाई, रोज दुपारी लेकरू कडेवर घेऊन जंगलरस्त्यानं नाक्यावर जात होती. आणि सासू पोहोचायच्या आधीच शर्टावर ते डाग. दिवसभर पोरगी छातीशी रजिस्टर धरून उभी राही.

"दूध तोडलं तं पोट्टा राहत नाई," ती म्हणाली. "नोकरी सोडली तं घर राहत नाई. भाऊले सांगा, काई तरी करा."

मी म्हणालो, "वर्दीत चोरदरवाजा मी बसवत नाई."

मग कमल म्हणाली, "बरं. मंग मी बसवते."

"तुले खाकी येत नाई."

"तुमाले पोट्टं येत नाई," कमल म्हणाली.

मी शर्ट ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सोनाबाई आली. डोक्यावरून पदर, हातात काठी. कमल बाजारात गेली होती. म्हातारीनं ते पाहूनच वेळ साधली असावी.

"का गा टेलर, माह्या सुनेनं काई शिवाले टाकलं का?"

"टाकलं हाये."

"तिले सांगजो, होत नाई म्हना."

मी म्हणालो, "काऊन?"

"तू नाई म्हनलास का ते दूध तोडन, नाई तं घरी बसन. कोनतं बी एक करू दे. माह्यानं त्या रस्त्यानं रोज पोट्टा घेऊन जानं होत नाई. वाघानं नाल्याच्या मोरीजवळ गाय मारली, तुले मालूम नाई का?"

मालूम होतं. साऱ्या गावाले मालूम होतं. मी म्हणालो, "मग हे तुम्हीच तिले सांगा ना, सोनाबाई."

"सासूनं सांगतलं तं भांडन होते," ती म्हणाली. "टेलरनं सांगतलं तं कापडाचा दोष."

आणि गेली. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. कमल आली तर विचारते, कोण आलं होतं? मी म्हणालो, पायजामा शिवायले एक जण. बसल्या बसल्या माझ्या डोक्याचा पायजामा झालाच होता. शिवावं तर म्हातारीले रोज वाघाच्या रस्त्यावर धाडलं. न शिवावं तर त्या अशक्त लेकराच्या तोंडचं काढलं. चाळीस वर्षं खाकी शिवली, खाकीनं मले असं कधी अडवलं नव्हतं. खडूनं खुणा केल्या, पुसल्या. कैची घेतली, ठेवली. नाही म्हणायले सोनाबाईकडं जायचं ठरवलं की कापडाकडं लक्ष जाई, आणि कापडाकडं पाहिलं की वाटे, होऊ तर शकते. हे वाटणंच वाईट. एकदा होऊ शकते असं वाटलं की टेलर दुसऱ्या कोणाचा राहत नाही.

वर्दीच्या शर्टाले छातीवर दोन खिसे, वरून झाकणं. हे खिसे म्हणजेच दार करायचं, असा माझा विचार. खिशामागं शर्टाले उभी चीर द्यायची, खिसा एकाच बाजूनं पक्का शिवायचा आणि बाकीच्या बाजू टिचबटणांनी बंद. बाहेरून पाहणाऱ्याले नुसता खिसा. सोपं वाटते ना? मलेही वाटलं.

पण डाव्या खिशात शिट्टी. तिची दोरी खांद्यावरून येते, तो नियम. उजव्या खिशाच्या झाकणावर नावाचा बिल्ला, त्याले मागून टाचणी, तोही नियम. म्हणजे डावीकडून पाजलं तर शिट्टी लेकराच्या नाकावर, उजवीकडून पाजलं तर टाचणी त्याच्या कपाळावर. वर्दीचे नियम करणाऱ्याले कधी लेकरू झालं नसावं. किंवा झालं असेल, पण त्याच्या बायकोले.

खूप डोकं लावलं. शेवटी बिल्ल्यासाठी झाकणाच्या वरच्या काठाले जाड पट्टी टाकली, म्हणजे टाचणी पट्टीतच राहील, पलीकडं निघणार नाही. उजवा खिसा असा साफ करून टाकला. डाव्यासाठी पट्ट्याले एक छोटी आकडी बसवली, म्हणजे पाजायच्या वेळी शिट्टी दोरीसकट काढून तिथं लटकवायची. पण खरं काम उजव्याचंच. त्याची शिलाई मी अशी बारीक घातली की माझ्याच डोळ्यांले दिसेना. कमलले सांगितलं, "तिले सांग, उजवा पाजायचा. डावा अडीअडचणीले."

कच्ची शिलाई झाली आणि मनात आलं, हे उघडते कसं ते पाहावं. कमलले घाल म्हणालो तर ती म्हणाली, "बिजागरी तुमी बसवली, तुमीच पाहा." मी शर्ट अंगात चढवला. छातीशी उशी धरली, लेकरू धरतात तशी, आणि दुसऱ्या हातानं खिसा उघडायले गेलो. हात पोहोचेना. बटणं मी बगलेकडं लावली होती, आणि तिकडं तर उशीचं डोकं! माणूस पेन काढते त्या हिशोबानं मी खिसा केला होता. उशी खाली घसरायले लागली, मी तिले वर ओढू लागलो, आणि दारात पाहतो तर पोलीस पाटील.

"का भाऊ," पाटील म्हणाले, "तब्येत बरी हाये ना?"

"खिसा पाहून राह्यलो."

"अन् उशी काऊन?"

"उशी नाई. पोट्टा हाये."

पडद्यापलीकडं मशीन थांबली. कमल तोंडात पदर कोंबून हसत होती, मले आवाजावरून कळे. पाटलांनी त्यांची पँट घेतली, घडी न उलगडता काखेत मारली आणि गेले. त्या पँटची उंची जरा कमी पडली होती. पण त्याबद्दल ते आजपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

मी दोन्ही खिसे उसवले, शिवण बगलेकडं नेली आणि बटणं मधल्या बाजूले. उशी नीट प्यायली.

राहिलं ते डागाचं. आतून अस्तर पाहिजे, दूध पिऊन घेणारं. नव्या सुती कापडात खळ असते, ते ओलं होते, पण पीत नाही. धुऊन धुऊन विरलेलं लुगडं पाहिजे. कमलनं वर्षाले निरोप दिला. लुगडं आलं, पण वर्षा नाही आली. सोनाबाई आली. पिशवीतून आपलं जुनं हिरवं लुगडं काढून माझ्या पाटावर टाकलं. हातात घेतलं तर लोण्यासारखं, नुसतं नावाले कापड राहिलेलं.

माझा गोंधळ आणखी वाढला. मी म्हणालो, "सोनाबाई, तुम्हीच तर म्हणाल्या, होत नाही म्हण."

"म्हनली होती."

"मग हे?"

"म्या म्हनली, नाई म्हन. तू म्हनलास का?"

मी लुगड्याची घडी मोडायले लागलो.

"नाई ना म्हनलास," ती म्हणाली. "तुह्यानं नाई म्हनवलं नाई, माह्यानं कसं म्हनवन गा? पोट्टा माहा हाये."

"आणि तो रस्ता?"

"रस्ता रस्त्याच्या जागी हाये. गोवऱ्या येचाले जानाऱ्या बाया सोबत घेते अन् थाळी वाजवत जाते. पोट्टा असा खिदळते म्हनून सांगू." मग दारातून वळून म्हणाली, "किनार फेकजो नोको, मले पाह्यजे."

आता मले सांगा, तिले मुळात काय पाहिजे होतं? कमलले सारं सांगितलं, पायजाम्यासकट. ती म्हणाली, "तिले कोनीतरी इचाराले पाह्यजे होतं." मी म्हणालो, अगं, मी विचारलंच ना, काऊन म्हणून. तर म्हणते, "तसं नाई." कसं मग? ते तिनं सांगितलं नाही. आजही सांगत नाही.

शर्ट गेला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम सायकल काढली आणि नाक्यापुढच्या गावी काम आहे असं कमलले सांगितलं. दुपारची वेळ. वर्षा नाक्याच्या खोलीच्या पायरीवर बसली होती, मांडीवर लेकरू, वरून लुगड्याचा तुकडा. सोनाबाई झाडाखाली थाळी घेऊन. ट्रक आला. वर्षा उठली, एका हातानं लेकरू धरलं, दुसऱ्या हातानं कागद पाहिले, फाटक उघडलं. छाती कोरडी, खाकी सपाट. मी काही पाहिलं नाही असं दाखवून पुढं गेलो आणि पुढं काही काम नव्हतं म्हणून परत आलो.

नंतर एक दिवस तिचा साहेब माझ्या दुकानात आला. माणूस भला, बोलायले मोकळा. म्हणाला, "आमच्या नाक्यावरच्या मॅडमचा शर्ट तुम्हीच शिवला ना? खिसा कसा बसलाय! जराही झोल नाही. मलाही अगदी तसाच खिसा करून द्या."

मी त्याच्याकडं पाहिलं. पडद्याकडं पाहिलं. पडदा हलत होता.

"अगदी तसाच?" मी विचारलं.

"अगदी तसाच."

मी साधाच केला. तो खूश झाला. काही गोष्टी गिऱ्हाइकानं मागितल्या तरी द्यायच्या नसतात.

थंडी गेली, ऊन चढलं. वर्षा शर्ट घेऊन आली, सोबत सोनाबाई, तिच्या कडेवर लेकरू. कुठलं अशक्त अन् काय, गाल असे की मान दिसेना.

"कमलबाई, भाऊले सांगा, आता खिसे बंद करून द्या. भात खाते, वरन खाते, आता सोडलं त्यानं."

मी शर्ट हातात घेतला. इतकं जीव लावून केलेलं काम स्वतःच बंद करायचं, बरं वाटत नव्हतं. उजवा खिसा उघडायले गेलो तर टिचबटणं कडक, जोर लावावा लागला. वरचा काळा रंग जसाच्या तसा. जणू कोणी उघडलाच नव्हता. डावा पाहिला. बटणं घासून पितळ उघडं पडलं होतं, बोट लावलं की सुटत होती. सारं दूध शिट्टीकडून गेलं होतं.

मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. पडदा बाजूले सारला आणि जन्मात पहिल्यांदा एका लेकुरवाळीले, कमलले मधात न घेता, सरळ विचारलं, "वर्षाबाई, उजवा काऊन नाही उघडला? उजवा चांगला होता. मी सांगितलं होतं, उजवा."

ती दचकली, मग हसायले लागली. "पाह्यलं ना भाऊ, सुरुवातीले पाह्यलं. पन उजवीकडं घेतलं का पेतच नव्हता. त्याले मुठीत शिट्टीची दोरी लागे. दोरी धरली का मंग पेवाचा."

"मग ती आकडी? पट्ट्याची? शिट्टी काढून ठेवायची?"

"तिले चाव्या लटकवते मी."

सोनाबाई म्हणाली, "आतानी दोरी धरल्याशिवाय झोपत नाई गा हा. साहेबानं पाह्यलं तं म्हनन, गार्डीन कोन हाये?" आणि तिच्या कडेवरच्या त्या गड्यानं मुठीतली शिट्टी तोंडात घालून अशी फुंकली की समोरच्या रस्त्यावर एक ट्रक खरंच थांबला.

मी उजवा खिसा बंद केला. कमलच्या सांगण्यावरून लुगड्याचं अस्तर उसवून सोनाबाईले दिलं, किनारीजवळ ठेवायले. डावा बंद करताना मात्र हात अडला. जी शिट्टी मी अडचण समजून दूर ठेवायले निघालो होतो, तिच्यामुळंच पोट्टा प्यायला. जी म्हातारी नाही म्हण म्हणत होती, ती रोज चालली. जो खिसा मी मन लावून केला, तो तसाच राहिला. मग मी शिवलं ते नेमकं काय?

आता असे शर्ट आणखी दोघीतिघींनी मागितले. एक एसटीतली कंडक्टर आहे, तिच्या खांद्यावर तर तिकिटाच्या मशीनचा पट्टा. पडदा मी आता अर्धा उघडाच ठेवतो. त्या विचारतात, भाऊ, कोणता खिसा पाजायचा?

मी म्हणतो, दोन्ही करून देतो. कोणता, ते पोट्ट्याले विचारा.